पत्ता नसलेल्या माणसाला पक्की नोकरी का मिळत नाही?

"हातपाय धडधाकट आहेत, मग काम का करत नाही?" हा प्रश्न बेघर माणसाबद्दल आपल्याकडे सर्रास विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात तिरस्कार असतोच असे नाही. बहुतेक वेळा गैरसमज असतो आणि तो असा की, ज्याला घर नाही त्याला काम करायचेच नाही. प्रत्यक्षात सांगली, मिरज आणि कुपवाडमध्ये फलाटावर, बसस्थानकात, पुलाखाली किंवा एखाद्या देवळाच्या ओवरीत रात्र काढणारी पुष्कळ माणसे दिवसभर कुठे ना कुठे राबत असतात. लग्नाच्या मांडवात भांडी घासणारा, स्लॅबच्या दिवशी घमेली वाहणारा बिगारी, पहाटेपासून भंगार वेचणारी बाई, बाजारात आलेला टेम्पो रिकामा करू लागणारा म्हातारा, यांतल्या कितीतरी जणांना संध्याकाळी परतायला घर नसते. त्यांना दिवसाचे काम मिळते, पण उद्याही मिळेल अशी खात्री असलेले, महिन्याला पगार देणारे, आजारपणात सांभाळून घेणारे काम मिळत नाही. रोजंदारीपासून पक्क्या नोकरीपर्यंतची ही वाट कोणकोणत्या ठिकाणी अडते, हे समजून घेतल्याशिवाय बेघरांच्या रोजगाराविषयीची कोणतीही चर्चा अपुरी राहते.

आधी आपण कोणाबद्दल बोलत आहोत ते पाहू. जनगणनेच्या भाषेत बेघर म्हणजे उघड्यावर, रस्त्याकडेला, फूटपाथवर, मोठ्या पाइपांत, उड्डाणपुलाखाली किंवा जिन्याखाली, प्रार्थनास्थळांच्या आवारात आणि रेल्वे फलाटांवर राहणारी माणसे. २०११ च्या जनगणनेने देशभरात अशी सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे मोजली आणि त्यांपैकी २ लाख १० हजारांहून अधिक महाराष्ट्रात होती. ही मोजणी एका रात्रीत झाली होती. जो माणूस पोलिसांच्या शिटीसरशी जागा बदलतो, पावसाची सर आली की आडोसा शोधत दुसऱ्या गल्लीत जातो, तो एका रात्रीच्या मोजणीत सापडेलच असे नाही, त्यामुळे हा आकडा किमान समजावा असे माझे मत आहे.

पत्त्यापासून सुरू होणारी साखळी

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या कारखान्याला दहा हेल्पर हवे आहेत, असे समजू. काम अवघड नाही, शिक्षणाची अट नाही, आणि ठेकेदारालाही माणसांची निकड आहे. तरीही पहिल्या दिवशी तो आधार कार्ड, बँकेचे पासबुक, फोटो आणि मोबाइल क्रमांक मागतो, आणि या मागणीत त्याची काही मनमानी नसते. वीस किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला भविष्यनिर्वाह निधी लागू होतो, त्यासाठी प्रत्येक कामगाराचा स्वतंत्र क्रमांक काढावा लागतो आणि तो आधारशी जोडलेला असतो. राज्य कामगार विमा योजनेतही नोंदणी आलीच. पगार बँकेत जमा करायचा, तर खाते हवे. कामगाराच्या भल्यासाठीच घातलेल्या या अटी आहेत, आणि त्या सैल कराव्यात असे मी म्हणणार नाही. पण यांतली प्रत्येक गोष्ट मिळवण्यासाठी आधी दुसरी कोणती तरी गोष्ट हातात असावी लागते आणि ही साखळी मागे मागे नेली की शेवटी राहण्याच्या पत्त्याशी येऊन थांबते.

आधार एकदा काढले होते, पण ते हरवले, असे सांगणारे अनेक असतात. उघड्यावर झोपणाऱ्याची पिशवी चोरीला जाते, पावसात भिजते, अतिक्रमण हटवणाऱ्या गाडीत सामानासकट उचलली जाते. हरवलेले आधार परत मिळवण्याचा सोपा मार्ग मोबाइलवर येणाऱ्या संकेतांकाचा (ओटीपीचा) आहे, पण नोंदवलेला मोबाइल क्रमांकच बंद पडलेला असतो, कारण रिचार्ज थांबला की काही काळाने तो क्रमांक जातो. मग बहुतेकदा भिस्त येते ती बोटांच्या ठशांवर. सिमेंट, चुना आणि विटांमध्ये वर्षानुवर्षे काम केलेल्या हातांवरच्या रेषा झिजतात आणि यंत्र ठसा स्वीकारत नाही. कष्टाने हात झिजले म्हणून ओळख पटत नाही आणि ओळख पटत नाही म्हणून पक्के काम मिळत नाही, ही स्थिती मला या सगळ्या विषयात सर्वांत अन्यायाची वाटते.

असंघटित कामगारांसाठीच्या योजनांचेही असेच होते. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी झाली, तर मुलांच्या शिक्षणापासून उपचारांपर्यंत अनेक लाभ मिळतात. परंतु त्यासाठी मागील वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. जो बिगारी सकाळी मजूर अड्ड्यावर उभा राहतो आणि रोज वेगळ्या मुकादमाबरोबर वेगळ्या साइटवर जातो, त्याला हा दाखला कोणी द्यायचा? त्याने वर्षात दोनशे दिवस काम केलेले असू शकते, पण ते कोणत्याही एका वहीत लिहिलेले नसते. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी विनामूल्य आहे, पण तिथेही आधार, बँक खाते आणि सहसा आधारला जोडलेला मोबाइल लागतो.

सांगलीची हळद, बेदाणा आणि गुळाची बाजारपेठ देशभर ओळखली जाते, आणि इथल्या मार्केट यार्डातली हमाली हे कष्टाचे असले तरी मानाचे काम आहे. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे नोंदणीकृत हमालाला ठरलेली मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि सुट्ट्यांचा हक्क मिळाला, आणि ही महाराष्ट्राच्या कामगार चळवळीची मोठी कमाई आहे. मात्र टोळीत शिरकाव ओळखीने होतो. वडील हमाल, म्हणून मुलगा हमाल. गावचा माणूस, म्हणून त्याच्यासाठी शब्द टाकला. हे चुकीचे आहे असे नाही, कारण लाखोंचा माल ज्याच्या पाठीवर जातो त्याच्यासाठी कोणीतरी हमी घ्यावी लागते. "कुठलं गाव तुझं? कुणाच्या ओळखीनं आलास?" हे दोन प्रश्न आपल्या भागात कोणत्याही अर्जाच्या आधी विचारले जातात, आणि बेघर माणसाकडे या दोन्ही प्रश्नांचे उत्तर बहुधा नसते. नात्यातून तुटणे हे कित्येकदा बेघर होण्याचे कारणच असते: भाऊबंदकीत जमीन गेली, घरात मारहाण झाली, बायको वारली, मुलांनी सांभाळले नाही, किंवा उपचारासाठी मिरजेला आणलेला आजारी माणूस न्यायला परत कोणी आलेच नाही.

पहिल्या पगारापर्यंतचे ३७ दिवस

कागदपत्रे आहेत, ठेकेदार तयार आहे, तरीही माणूस नोकरी घेत नाही, किंवा घेऊन आठवड्याभरात सोडतो, असेही घडते आणि मग "यांना सवयच नाही" असा शेरा मारला जातो. इथे हिशोब मांडून पाहिला पाहिजे. मासिक पगार असेल, तर सर्वसाधारण आस्थापनेत तो पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत देण्याची कायद्याने मुभा आहे. एक तारखेला कामावर लागलेल्या माणसाच्या हातात पहिले पैसे सात तारखेला, म्हणजे जवळजवळ ३७ दिवसांनी पडू शकतात. ज्याच्याकडे घर आहे तो या काळात घरी जेवतो, वाण्याकडे उधारी करतो, शेजाऱ्याकडून हातउसने घेतो. बेघर माणसाला कोणी उधार देत नाही, कारण तो उद्या कुठे सापडेल हे माहीत नसते. त्याला आज जेवायचे असेल, तर आजच पैसे मिळायला हवेत. म्हणून तो पगारी नोकरी नाकारून रोख देणाऱ्या मांडवाच्या कामावर जातो. दूरवर पाहिले तर हा निर्णय तोट्याचा आहे, पण आजच्या रात्रीपुरते पाहिले तर त्याच्याजवळ दुसरा पर्यायच नसतो.

त्यातच उघड्यावर राहण्याचा खर्च आपण समजतो त्यापेक्षा अधिक असतो. चूल नसल्यामुळे प्रत्येक घास विकत घ्यावा लागतो. शौचालय आणि आंघोळ पैसे देऊन. मोबाइल चार्ज करायला एखाद्या टपरीवाल्याची मर्जी किंवा काही रुपये. २६ जानेवारी २०२० पासून सुरू झालेल्या शिवभोजन थाळीने १० रुपयांत जेवणाची सोय केली आणि अशा लोकांना तिचा मोठा आधार वाटला, पण थाळी ठराविक वेळेत मिळते, आणि ती वेळ नेमकी कामाची असते. गवंड्याला थापी-ओळंबा, सुताराला करवत-रंधा, चांभाराला आपली पेटी लागते. ज्याला कुलूप लावायला दार नाही, त्याची हत्यारे टिकत नाहीत, आणि हत्यारे गेली की कुशल कारागीरही बिगारी होतो. कौशल्य नसल्यामुळे माणसे रस्त्यावर येतात असे आपण मानतो, पण रस्त्यावर आल्यामुळे हातातले कौशल्य निकामी होते, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

झोपेचेही तसेच आहे. सुरक्षित जागा नसेल, तर माणूस रात्री अर्धवट जागा असतो: सामानासाठी, डासांमुळे, गस्तीच्या काठीमुळे. सकाळच्या पाळीला सात वाजता हजर राहून यंत्रासमोर आठ तास उभे राहणे अशा शरीराला झेपत नाही, आणि दोन दिवस उशीर झाला की हजेरीपटावरून नाव उडते. दारूचा प्रश्न यात येतोच. व्यसनामुळे घर सुटलेली माणसे आहेत हे खरे आहे, पण थंडी, भीती आणि एकटेपणा सहन व्हावा म्हणून रस्त्यावर आल्यावर पिऊ लागलेलीही आहेत. कारण कोणतेही असो, उपचाराशिवाय आणि झोपायला जागा दिल्याशिवाय "आधी दारू सोड, मग काम देतो" ही अट पाळणे जवळजवळ अशक्य असते. मनोरुग्ण होऊन भटकणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा व्यक्तीला संरक्षण देऊन सार्वजनिक आरोग्यसंस्थेपर्यंत नेण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे. त्यांच्या बाबतीत रोजगाराचा विचार उपचारानंतरच करता येईल.

हंगाम आणि पूर

सांगली जिल्ह्यातले हातावरचे काम हंगामावर चालते. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊसतोड सुरू होते, नवे वर्ष लागले की तासगाव भागात द्राक्षे, मग बेदाण्याची शेड, हळदीची काढणी आणि पॉलिश, आणि या सगळ्यासोबत लग्नसराई. जून लागला की एकेक करून हे सारे थांबते. बांधकामे मंदावतात, मांडव उतरतात, मजूर अड्ड्यावर दहा वाजेपर्यंत उभे राहूनही कोणी बोलवत नाही. आणि याच चार महिन्यांत उघड्यावर झोपणेही सर्वांत कठीण होते. काम आणि निवारा ही दोन्ही संकटे एकाच वेळी येतात, म्हणून वर्षभरात थोडीफार सावरलेली माणसे पावसाळ्यात पुन्हा तळाला जातात.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, धोक्याच्या पातळीच्या बारा फूट वर. पूर ओसरल्यावर नुकसानीचे पंचनामे घरांचे झाले. ज्याचे घरच नव्हते, त्याची ताडपत्री, भांडी, कागदपत्रांची पिशवी आणि हत्यारे वाहून गेली तरी पंचनामा कशाचा करणार? २००५, २०१९ आणि २०२१ असे मोठे पूर पाहिलेल्या शहराने नदीकाठी राहणाऱ्या या माणसांचा वेगळा विचार पावसाळ्याआधी करायला हवा, असे मला मनापासून वाटते.

संशयाचा कायदा

महाराष्ट्रात मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ लागू आहे. या कायद्यातील भीक मागण्याची व्याख्या इतकी रुंद आहे की, उपजीविकेचे कोणतेही दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी अशा रीतीने फिरणे किंवा थांबणे की तो माणूस भिक्षेवर जगत असावा असे वाटेल, हेही तिच्यात येते. कामाच्या शोधात मळक्या कपड्यांत स्टेशनबाहेर बसलेला माणूस या वर्णनात सहज बसतो. दोष सिद्ध झाला, तर पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवण्याची तरतूद आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये या कायद्याच्या अनेक तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या. महाराष्ट्रात मात्र तसे झालेले नाही.

भटक्या-विमुक्त समाजांच्या वाट्याला या संशयाचा दुप्पट भार येतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरवले, त्यांना १९५२ मध्ये कायद्यापुरती मुक्ती मिळाली, पण पारधी किंवा कैकाडी हे नाव ऐकताच दार लावून घेणे थांबले नाही. त्यांना सवलतीसाठी जातीचा दाखला हवा असेल, तर विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना एका जागी टिकू दिले नाही, त्यांच्याकडे साठ वर्षांपूर्वीच्या वास्तव्याचा कागद मागितला जातो.

रखवालदाराची नोकरी खरे तर बेघर माणसाला सोयीची ठरली असती, कारण तिथे कामासोबत छप्परही मिळू शकते. पण खासगी सुरक्षा संस्थांना २००५ च्या कायद्यानुसार रक्षकाच्या चारित्र्याची आणि पूर्वेतिहासाची पडताळणी करावी लागते, आणि ती पडताळणी पुन्हा पत्त्यावरून होते. धुणीभांडी करू पाहणाऱ्या बाईला कायद्याची अडचण नसते, तरी घरमालकीण पहिला प्रश्न "राहतेस कुठं?" असाच विचारते. खरे उत्तर दिले तर काम जाते. खोटे दिले तर ते उघड होईपर्यंत जीव मुठीत. लहान मूल असेल, तर त्याला फलाटावर ठेवून जाता येत नाही आणि कामावर नेता येत नाही. रात्रपाळी किंवा पहाटेचे काम तिने घ्यायचे, तर त्यासाठी अंधारात एकटीने जाण्या-येण्याचा धोका पत्करायचा. बेघर स्त्रियांच्या रोजगाराचा विचार करताना पाळणाघर आणि फक्त स्त्रियांसाठीचा निवारा या दोन गोष्टी आधी याव्या लागतात. प्रशिक्षणाच्या योजना त्यांच्यानंतर.

काय करता येते

या साखळीतल्या काही कड्या तोडण्याच्या तरतुदी आधीच आहेत, पण त्या फार थोड्यांना ठाऊक आहेत. मान्यताप्राप्त निवारा केंद्राच्या प्रमुखाने विहित नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र आधार नोंदणीसाठी चालते. मतदार यादीत नाव घालण्यासाठी बेघर नागरिकाला पत्त्याचा कागद लागत नाही. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने अर्जात दिलेल्या जागी एकाहून अधिक रात्री जाऊन तो माणूस तिथे खरोखर झोपतो हे पाहायचे, एवढेच निवडणूक आयोगाने सांगितले आहे. बँकेत अधिकृत कागदपत्रे नसलेल्यालाही फोटो आणि बँक अधिकाऱ्यासमोर केलेली सही किंवा अंगठा यांवर छोटे खाते उघडता येते. ते बारा महिने चालते, आणि दरम्यान कागदपत्रांसाठी अर्ज केल्याचे दाखवले तर आणखी बारा महिने. त्यात शिल्लक ५० हजारांपर्यंत ठेवता येते आणि महिन्याला १० हजारांपर्यंत रक्कम काढता येते. सुरुवातीच्या पगारासाठी एवढे पुरते. अडचण एवढीच की बँकेच्या काउंटरवर एकट्याने जाऊन हे मागणाऱ्या बेघर माणसाला सहसा परत पाठवले जाते. त्याच्यासोबत नियम माहीत असलेले कोणीतरी गेले, की तेच काम होते.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने शहरी बेघरांसाठी निवाऱ्याचे निकष घातले: दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय, माणशी ५० चौरस फूट जागा, आणि केंद्र शक्यतो कामाच्या ठिकाणांजवळ, बाराही महिने उघडे. सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिकेची लोकसंख्या २०११ मध्ये ५ लाख २ हजारांच्या घरात होती. निकषाप्रमाणे इथे निदान पाचशे जणांची सोय असायला हवी. पण रोजगाराच्या दृष्टीने खाटांच्या संख्येइतकाच निवाऱ्याचा कारभार महत्त्वाचा आहे. सकाळी सातला बाहेर काढणारा निवारा रात्रपाळीच्या कामगाराला झोपू देत नाही. कुलपाची पेटी नसेल, तर हत्यारे आणि कागद पुन्हा चोरीला जातात. निवाऱ्याचा पत्ता आणि दूरध्वनी अर्जावर लिहायला परवानगी हवी आणि मालकाचा फोन आला तर "होय, हा माणूस इथे राहतो, आम्ही ओळखतो" असे सांगणारा व्यवस्थापक हवा.

नुसते घर दिले की नोकरी आपोआप मिळते, असेही नाही. २००९ ते २०१३ या काळात कॅनडातील पाच शहरांत झालेल्या एका मोठ्या प्रयोगात, कोणतीही पूर्वअट न घालता आधी घर दिलेली माणसे त्या घरांत चांगली टिकली, पण त्यांच्या नोकऱ्यांच्या प्रमाणात तसा ठळक फरक पडला नाही. त्यामुळे निवाऱ्यासोबत काम शोधून देणारा आणि काम लागल्यावरही काही महिने मालक-कामगार दोघांच्या संपर्कात राहणारा माणूस लागतो.

पुढचा प्रश्न कामाच्या हमीचा. रोजगार हमीची कल्पना याच जिल्ह्यातली. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर येथे तिचा पहिला प्रयोग केला, १९७७ मध्ये महाराष्ट्राने तिचा कायदा केला आणि २००५ मध्ये देशाने ती स्वीकारली. मागेल त्याला काम देणे ही सरकारची जबाबदारी आहे, हे तत्त्व सांगलीच्या मातीतून निघाले. पण ती हमी ग्रामीण भागापुरती, आणि गावात राहणाऱ्या कुटुंबासाठी आहे. शहरात एकट्याने राहणाऱ्या बेघराला तिचा उपयोग नाही. केरळने २०१० मध्ये शहरांसाठी अशी योजना सुरू केली. पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरती का होईना, नाले-सफाईचे नव्हे, तर रोपवाटिका, दुरुस्ती, कचऱ्याचे वर्गीकरण, स्वयंपाकघर अशा छपराखालच्या कामांची हमी महानगरपालिकेने दिली, तर वर्षाचा सर्वांत वाईट काळ तरून जाईल.

आणि काही गोष्टींसाठी सरकारची वाट पाहण्याचीही गरज नाही. कायद्यानुसार पगाराचा कालावधी महिन्याहून मोठा असू शकत नाही, लहान मात्र असू शकतो. म्हणजे कुपवाडचा कारखानदार किंवा मार्केट यार्डातला व्यापारी नव्या माणसाला पहिले दोन महिने आठवड्याचा पगार देऊ शकतो. ऊसतोडीतली उचल आपल्याला ठाऊक आहे. ती डोंगराएवढी झाली की माणूस बांधला जातो आणि वेठबिगारी होते, जी १९७६ पासून गुन्हा आहे. पण आठवड्याच्या पगारासोबत तीन-चार दिवसांच्या जेवणापुरती, लिहून दिलेली आणि पहिल्याच पगारातून फिटणारी छोटी उचल मिळाली, तर त्या ३७ दिवसांचा प्रश्न सुटतो. ज्याच्यामागे विचारपूस करणारे कोणी नाही, त्याला फसवणे सर्वांत सोपे असते, म्हणून ही रक्कम आणि हजेरी निवारा केंद्राच्या वहीतही नोंदवावी. त्या वहीत ९० हजेऱ्या भरल्या, तर ज्या मुकादमांकडे तो माणूस राबला, त्यांच्याकडून दाखला मागताना केंद्राच्या हातात निदान तारखांसह एक लेखी आधार असेल.